मिठाची खोली, मिठाचा वाफारा, मिठाच्या गुळण्या: पडशाखोकल्यावर नेमका उपयोग कशाचा?

परसातली_तगर

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यात राहते. यंदा गणपतीत घरात बावीस माणसं होती. मुंबईहून आलेल्या पुतण्याला येतानाच पडसं होतं आणि गौरी जाईपर्यंत निम्मं घर शिंकत होतं. बाकीचे आठवडाभरात बरे झाले. सासऱ्यांचा (वय ७१, आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो) खोकला मात्र गेलेला नाही, हा चौथा आठवडा. कोरडा खोकला, रात्री आडवं झालं की सुरू. उशाशी तांब्या ठेवून बसून राहतात. शेजारच्या खोलीतून तो आवाज ऐकत झोप लागत नाही हो.

लेक चार वर्षांची, अंगणवाडीत जाते. तिला दर महिन्याला नवं पडसं.

तालुक्याबाहेरच्या एका शहरात मिठाची खोली सुरू झाली आहे. मी जाऊन पाहून आले. भिंतींना गुलाबी सैंधवाच्या विटा, जमिनीवर जाडं मीठ पसरलेलं, एका यंत्रातून मिठाची बारीक धूळ हवेत सोडतात. पंचेचाळीस मिनिटं बसायचं. दहा वेळांचे सात हजार. तिथल्या बाई म्हणाल्या, मीठ श्वासातून थेट फुप्फुसात जातं आणि व्हायरस मरतो. अण्णांना आणि लेकीला न्यावं का? कुणाचा अनुभव आहे का? घरात मिठाच्या पाण्याचा वाफारा दिला तर तेच होईल का?

रातांबा

सात हजार? तगरताई, त्यात अण्णांची तपासणी, औषधं आणि वर्षाचं जाडं मीठ येईल.

हर्णैचा_वारा

मी अशा खोलीत आठ वेळा बसलो आहे, पुण्यात असताना. खरं सांगतो, बरं वाटतं. मंद उजेड, फोन बाहेर ठेवायला लावतात, कुणी बोलत नाही. ओठांवर खारट चव येते. बाहेर आल्यावर नाक मोकळं वाटायचं, तासभर तरी. पण त्यातच मला एकदा पडसं झालं आणि ते नेहमीसारखं सात दिवस राहिलं. त्यामुळे आराम मिळतो हे मी शपथेवर सांगेन, व्हायरस मरतो हे नाही.

सुरंगीची_वेणी

वाफाऱ्याचं आधी सांगते, कारण ते महत्त्वाचं आहे. लहान मुलांना पातेल्यावर वाकवून वाफ देऊ नका. माझ्या बहिणीच्या मुलाच्या मांडीवर पातेलं उलटलं होतं. पाच वर्षांचा होता तेव्हा. आज कॉलेजात आहे, पण डाग तसाच आहे. सर्दी चार दिवसांत जाते, भाजल्याचा व्रण जात नाही.

खाडीपलीकडे

मी शिरोड्याचा. हो, तेच वेंगुर्ले तालुक्यातलं, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडा. आमच्या घरातली दोन पिढ्यांची माणसं मिठागरावर कामाला होती, म्हणून वाफाऱ्याबद्दल ठामपणे लिहितो. मिठाचं पाणी उकळलं की वर येते ती निव्वळ पाण्याची वाफ. मीठ पातेल्यातच राहतं. वाफेबरोबर मीठ उडून गेलं असतं तर आमच्या वाफ्यांत ते पिकलं कसं असतं? मिठागर चालतंच मुळी या एका गोष्टीवर. खाडीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात आटवत न्यायचं, ऊन पाणी घेऊन जातं आणि मीठ खाली ठेवतं.

लहानपणी वडिलांना जेवण घेऊन जायचो. भर दुपारी वाफ्याच्या पाण्यावर आधी साय धरल्यासारखा पातळ पापुद्रा यायचा. वाऱ्याची झुळूक आली की तो तुटून बुडायचा आणि तळाशी खडे धरायला लागायचे. त्या पाण्यावर वाकून कितीही श्वास घेतला तरी नाकात खारट काही जायचं नाही. समुद्राच्या काठाला मात्र जायचं.

एक मान्य करतो. वडिलांना आयुष्यात दम्याचा त्रास झाला नाही. गावात म्हणायचेच, 'मिठातलो माणूस खोकणा नाय.'

कातळावरचा

मी रत्नागिरी जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो, छातीच्या विकारांचीच. धागा वाचून राहवलं नाही. थोडं लांबेल.

खाडीपलीकडे यांचं वाफेचं म्हणणं अगदी बरोबर. समुद्राकाठी हवा खारट लागते, तीही पाण्याची वाफ होऊन नव्हे. लाट फुटते तेव्हा पाण्यात हवेचे बुडबुडे अडकतात, ते पृष्ठभागावर येऊन फुटतात आणि बारीक तुषार उडतात. तेच वाऱ्याबरोबर आपल्या खिडकीच्या गजांवर येऊन बसतात आणि गज गंजवतात. मिठागराचं पाणी संथ, म्हणून तिथे तसं होत नाही.

मिठातला माणूस खोकत नाही, हे निरीक्षण जुनं आहे आणि जगभर आहे. पोलंडमध्ये व्येलिच्का नावाची मिठाची खाण आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फेलिक्स बोच्कोव्स्की या डॉक्टरांना असंच दिसलं, की खाणकामगारांना श्वासाचे विकार कमी होतात. तुम्ही पाहिलेली खोली ही त्याच कल्पनेची पुढची पिढी. पण यात एक गोम आहे. ज्याला दमा आहे तो खाणीत किंवा मिठागरावर टिकतच नाही, काम सोडून जातो. मागे राहिलेली माणसं मुळात धडधाकट छातीची असतात. त्यामुळे नुसतं बघून मीठच कारण आहे असं म्हणता येत नाही.

आता तगरताईंचा प्रश्न. मीठ तीन वेगळ्या वाटांनी दिलं जातं आणि तिन्हींचा पुरावा वेगळा आहे.

कोरड्या मिठाची खोली: साध्या व्हायरल पडशाखोकल्यावर तिचा उपयोग होतो असं दाखवणारा भक्कम अभ्यास माझ्या वाचनात नाही. मी माझ्या पेशंटना त्यासाठी पैसे खर्च करायला सांगत नाही.

नेब्युलायझरमधून, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार करणाऱ्या यंत्रातून खारट पाणी: हे खरं औषध आहे, पण ठरावीक आजारांत. सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या आनुवंशिक आजारात कफ डिंकासारखा घट्ट होतो. ऑस्ट्रेलियात असं लक्षात आलं की हा आजार असलेली, लाटांवर सर्फिंग करणारी मुलं इतरांपेक्षा बरी राहतात. त्यावरून ७ टक्के मिठाच्या पाण्याचे तुषार दिवसातून दोनदा, ४८ आठवडे देऊन पाहिले. २००६ साली निकाल छापून आला: आजार उसळण्याचं प्रमाण बरंच कमी झालं. तान्ह्या बाळांच्या व्हायरल ब्रॉन्किओलायटिसमध्ये, म्हणजे बारीक श्वासनळ्या सुजतात तेव्हा, ३ टक्के वापरून पाहतात, तिथे निकाल उलटसुलट आहेत. दोन्ही ठिकाणी पाणी निर्जंतुक असतं आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच देतात.

नाक धुणं, नाकात थेंब आणि गुळण्या: साध्या पडशासाठी सगळ्यात चांगला पुरावा इथे आहे. एडिंबरा विद्यापीठात ६६ मोठ्या माणसांवर छोटा प्रयोग झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पडसं सुरू होताच जी मंडळी मिठाच्या पाण्याने नाक धूत आणि गुळण्या करत होती, त्यांचा आजार सरासरी १.९ दिवस आधी संपला आणि घरातल्यांना लागण ३५ टक्क्यांनी कमी झाली. पुढे त्यांनी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांवर तोच प्रयोग केला. नाकपुडीत तीन-तीन थेंब, दिवसातून किमान चार वेळा. २०२४ मध्ये निकाल मांडला: थेंब घेणाऱ्यांचं पडसं सहा दिवस टिकलं, इतरांचं आठ. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी लागण होण्याचं प्रमाण ४६ टक्के विरुद्ध ६१ टक्के.

यात उणीव आहे तीही सांगतो. आपण मीठ देतोय हे आईबापांना माहीत होतं, त्यामुळे 'बरं वाटतंय' या उत्तरात थोडी आशा मिसळलेली असणार.

आगबोट

डॉक्टर, पण मीठ व्हायरसला करतं काय? मिठाने जंतू मरतात म्हणून आपण मासे खारवतो, तसंच का?

कातळावरचा

तसं नाही. सुकटीला लागतं तितकं मीठ नाकात घातलं तर नाकच सोलून निघेल. एडिंबराच्याच संशोधकांनी सुचवलेलं कारण असं: मिठात क्लोराइड असतं. आपल्या नाकाघशाच्या पेशी त्यापासून स्वतःच हायपोक्लोरस आम्ल तयार करतात, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचमधलं काम करणारं द्रव्य. क्लोराइड जास्त मिळालं की पेशीच्या आत व्हायरसची वाढ मंदावते. प्रयोगशाळेत पेशींवर हे दिसलं आहे. बाकी साधं कारण आहेच, शेंबूड पातळ होतो आणि धुऊन जातो.

केवड्याचं_बन

आमची आजी मालवणची. शाळेतून शिंकत आलो की दप्तर ठेवायच्या आधी हातात पेला. 'आधी गुळण्यो कर, मगे जेव.' पाणी सोसवेल इतकं गरम, त्यात खडेमीठ, चिमूटभर हळद. मागच्या पडवीत उभं राहून आभाळाकडे मान करून घशात खुळखुळवायचं. माझा भाऊ ते पाणी गिळून टाकायचा आणि पकडला जायचा, कारण अळवावर थुंकलेलं दिसायचं नाही.

डॉक्टरांचं वाचून आज तिची फार आठवण आली.

आगबोट

मी पुतण्यांच्या पार्टीतला, म्हणजे मुंबईहून येणारा. माझा एक खरा प्रश्न आहे. तुम्ही कोकणातले बारा महिने समुद्राची हवा खाता. मिठाने इतकं होत असेल तर किनाऱ्यावरच्या माणसाला पडसं व्हायलाच नको.

हर्णैचा_वारा

बरोबर विचारलंत. माझं घर बंदरापासून हाकेच्या अंतरावर आहे. चष्म्याची काच संध्याकाळी बोटाने पुसली तर खारट लागते. तरी वर्षातून दोनदा पडसं ठरलेलं.

कातळावरचा

अंदाजाने हिशोब मांडू. समुद्राकाठच्या हवेत मीठ असतं ते घनमीटरमागे काही दहा मायक्रोग्रॅम. माणूस दिवसभरात दहा-पंधरा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे दिवसाला जेमतेम एखादा मिलिग्रॅम. याउलट पेलाभर, म्हणजे २०० मिली साध्या सलाईनने नाक धुतलंत तर त्यातून १८०० मिलिग्रॅम मीठ नाकातून फिरून जातं. वाऱ्याने मन प्रसन्न होतं, फिरायला जरूर जा. पण नाक धुण्याची जागा तो घेत नाही.

पहाटवारा

मी योगवर्ग घेते, वीस वर्षं जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, शिकवते आहे. हठयोगातल्या षट्कर्मांपैकी एक असलेली ही क्रिया आज प्रयोगांत उतरते आहे याचा मनापासून आनंद झाला. पण लोक चुका करतात त्या सांगायलाच हव्यात.

मिठाचं प्रमाण: लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे सपाट दीड छोटे चमचे. हे आपल्या रक्ताच्या खारटपणाइतकं असतं, म्हणून झोंबत नाही. मीठ कमी पडलं तरी झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं. समुद्राचं पाणी लिटरला ३५ ग्रॅम, जवळजवळ चौपट, आणि त्यात काय काय मिसळलेलं असतं ते आपण जाणतोच. समुद्राचं पाणी नाकात ओढू नका.

पाणी: उकळून कोमट केलेलं. विहिरीचं तसंच नको, नळाचं तसंच नको. एकदा वर्गातल्या एका काकांनी पाटाच्या पाण्याने नेती केली असं हौसेने सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

आणि नाक धुतल्यावर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या हळू मोकळ्या करायच्या. जोराने शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं.

रातांबा

विहिरीचं पाणी आम्ही पितो, मग नाकात घातलं तर काय बिघडतं?

कातळावरचा

पिण्यात आणि नाकात घालण्यात मोठा फरक आहे. गोड्या, कोमट पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमिबा असू शकतो. पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकात वर चढला तर वासाच्या नसेवरून मेंदूपर्यंत जातो. फार विरळा आजार, पण झाला तर बहुतेक वेळा माणूस दगावतो. याच किनाऱ्यावर खाली केरळात २०२४ मध्ये तळ्यात-नदीत उतरलेली मुलं अमिबाच्या मेंदूज्वराने गेली. पाणी उकळलं की धोका संपतो. भांडंही त्याच उकळत्या पाण्याने धुवा. पहाटवारा ताईंनी हे लिहिलं ते फार बरं केलं.

सुरंगीची_वेणी

कुणी घरच्या नेब्युलायझरमध्ये स्वयंपाकघरातलं मीठ घालायच्या विचारात असेल तर कृपा करून थांबा. माझ्या चुलतभावाला दमा आहे. करोनाच्या दिवसांत फोनवर फिरलेला निरोप वाचून त्याने मिठाचं पाणी कालवलं आणि मास्क लावला. दहा मिनिटांत धाप. बोलताना दोन शब्दांमागे थांबत होता, ओठ निळसर. रिक्षाने दवाखान्यात नेईपर्यंत वहिनी त्याची पाठ चोळत होती. वाचला, पण त्या रात्रीनंतर आमच्याकडे कुणी असले प्रयोग करत नाही.

कातळावरचा

हे होणारच होतं. खारट पाण्याचे तुषार दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळतात. इतक्या, की दमा आहे का हे तपासण्यासाठी साडेचार टक्के मिठाच्या पाण्याचे तुषार मुद्दाम देऊन बघायची एक चाचणीच आहे. शिवाय पाकिटातल्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून पूड मिसळलेली असते. ती पाण्यात गढूळ दिसते, तीच छातीत जाईल. आणि हो, दमेकऱ्याने मिठाच्या खोलीतही विचारल्याशिवाय बसू नये.

खाडीपलीकडे

पुडीवरून आठवलं. नाकासाठी खडेमीठ चांगलं की पाकिटातलं? आमच्याकडे अजून मासे आणि आंबोशी जाड्या मिठातच होतात. सुनेला मात्र पाकीटच लागतं.

पहाटवारा

मी सैंधव वापरते, आमच्या गुरुजींनी तेच सांगितलं. मीठ स्वच्छ असावं आणि पूर्ण विरघळावं. जाडं मीठ घ्यायचं तर विरघळवून दुपदरी फडक्यातून गाळून घ्या, तळाला वाळू राहते.

कातळावरचा

नाकाला सैंधव आणि साधं मीठ सारखंच, दोन्ही सोडियम क्लोराइड. मात्र खडे चमच्याने मोजू नका. चमच्यात खडे आणि बारीक मीठ यांचं वजन वेगळं भरतं.

केवड्याचं_बन

आणि तव्यावर मीठ भाजून पुरचुंडीने छाती शेकायची, त्याचं काय? आजी तिळाच्या तेलात सैंधव घालून आधी छातीला चोळायची. मला त्याने झोप लागायची.

कातळावरचा

शेकाने स्नायू सैल होतात, आईआजीचा हात लागतो, झोप लागते. पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची. मी कधी कुणाला नको म्हटलेलं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण सगळ्या गप्पांत अण्णा मागे पडले. तगरताई, चार आठवडे खोकला आहे ना? मग मीठ बाजूला ठेवा. दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासायची, हा आपल्या देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे. सरकारी दवाखान्यात फुकट होते. छातीचा एक्स-रे काढा. बहुधा व्हायरलनंतरचा खोकलाच असेल, तो सहा-आठ आठवडेही रेंगाळतो. पण बहुधा म्हणून थांबायचं नाही. आणखी एक विचारतो, अण्णांना ब्लडप्रेशरची गोळी आहे का? कुठली? कधीपासून?

लेकीसाठी: मेडिकलमधले साधे सलाईनचे थेंब आणा, ते निर्जंतुक असतात. नाक चोंदलं की आणि झोपायच्या आधी. बरगड्यांखाली खळगे पडत असतील, मिनिटाला चाळीसच्या वर श्वास चालत असतील, पाणीही पीत नसेल, तर थेंब बाजूला ठेवून थेट दवाखाना.

रातांबा

मी पहिल्यांदा पैशांवरून बोललो होतो, ते जरा उथळ झालं. ताई, अण्णांना दाखवाच. माझ्या मामाचा खोकला आम्ही तीन महिने काढ्यावर काढला होता आणि शेवटी क्षय निघाला. औषधं सहा महिने घेतली, पूर्ण बरा झाला. पण ते तीन महिने घरात लहान मुलं होती.

आगबोट

आणि आम्ही चाकरमान्यांनीही एक करायला हवं. पडसं असेल तर आरतीला मागे उभं राहावं, म्हाताऱ्यांच्या पाया पडताना तोंडावर रुमाल धरावा. मुंबईच्या लोकलमधून घेतलेलं आपण एसटीने घरापर्यंत पोचवतो. पुढच्या वर्षी निघायच्या आधी आठवडाभर नाक धुणार आहे.

परसातली_तगर

दहा दिवसांनी लिहिते आहे. सगळ्यांचे मनापासून आभार. मिठाच्या खोलीला गेलो नाही.

थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. एक्स-रे स्वच्छ. ती रिपोर्टची पाकिटं हातात घेतली तेव्हा माझे हात थरथरत होते, रातांबा यांच्या मामांचंच डोक्यात होतं.

कातळावरचा डॉक्टर, तुम्ही गोळीचं विचारलंत म्हणून मी अण्णांचा डबा उघडून पाहिला. रॅमिप्रिल. श्रावणात नवीन सुरू केलेली. आमच्या डॉक्टरांना दाखवली तर त्यांनी लगेच बदलून दिली. म्हणाले, या गोळीने काही जणांना असा कोरडा खोकला येतो, आणि व्हायरलच्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. जायला तीन-चार आठवडेही लागतील. काल रात्री अण्णा दोनदाच उठले. तांब्या अजून उशाशी आहे.

लेकीला पडसं आलंच, परवापासून. थेंब घालताना पहिल्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. मग अण्णांनी तिच्यासमोर स्वतःच्या नाकात घालून घेतले आणि म्हणाले, 'बघ, समुद्र आला नाकात.' आता ती स्वतःच मान मागे करून बसते आणि आधी अण्णांना घाला म्हणते.

पहाटवारा ताई, अण्णांना नेती शिकायची आहे. एकाहत्तराव्या वर्षी नव्याने सुरू करायला हरकत नाही ना? गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे.

पहाटवारा

हरकत नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा आणि आधी महिनाभर नुसते थेंबच ठेवा. पहिल्यांदा एकट्याने नको. मी दिवाळीनंतर चिपळूणला वर्ग घेणार आहे, त्यांना घेऊन या. भांडं मी देईन.